रीफ टाकीसाठी घरी फायटोप्लँक्टन वाढवणे : अनुभव, मोजमापे आणि चर्चा

गेली चार वर्षे मी माझ्या रीफ टाकीसाठी (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्मशैवाल, घरीच वाढवते आहे. या काळात तीनदा माझे संपूर्ण कल्चर (बाटलीत वाढवलेले शैवाल) बसले, म्हणजे मेले, आणि तिन्ही वेळा खत, प्रकाश, तापमान यांपैकी कशातही खोट नव्हती, तर बाहेरचा जीव आत शिरला होता. सूक्ष्मशैवालाला वाढायला फारसे काही लागत नाही. खारे पाणी, थोडे खत, उजेड आणि हवा मिळाली की ते आपोआप वाढते. ते एकट्याचे राखणे हेच खरे काम आहे, आणि या विषयावर जिथे जिथे वाचायला मिळते तिथे नेमका हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो. म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवात नॅनोक्लोरॉप्सिस या सूक्ष्मशैवालापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. याची पेशी जेमतेम २ ते ४ मायक्रॉनची, गोल आणि जाड भित्तिकेची असते. तिला स्वतःची हालचाल नसते, पण तापमान आणि क्षारता थोडी इकडेतिकडे झाली तरी ती तग धरते. जपानमधील मत्स्यबीज केंद्रांत रोटिफरांना (शैवाल खाणाऱ्या सूक्ष्म जीवांना) खाऊ घालण्यासाठी हेच शैवाल अनेक वर्षे 'सागरी क्लोरेला' या नावाने वाढवले जात होते आणि ते क्लोरेला नव्हेच, हे पुढे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. त्यातील ईपीए या मेदाम्लाचे प्रमाण उत्तम असते. डीएचए हे दुसरे मेदाम्ल मात्र जवळजवळ नसते, ही उणीव पुढे भरून काढावी लागते.

माझी मांडणी साधी आहे. दोन लिटरच्या पारदर्शक बाटल्या, झाकणाला दोन भोके, एका भोकातून तळापर्यंत जाणारी कडक प्लॅस्टिकची नळी आणि दुसऱ्या भोकात हवा बाहेर पडण्यासाठी कापसाचा सैल बोळा. एअरस्टोन लावू नये. बारीक बुडबुड्यांनी फेस येतो, पेशी त्या फेसाबरोबर वर चढून बाटलीच्या काठाला वाळतात, शिवाय दगडाच्या छिद्रांत जे साठते ते धुऊन निघत नाही. उघड्या नळीतून सेकंदाला दोन-तीन मोठे बुडबुडे आले की पाणी खालून वर ढवळले जाते आणि कार्बन डायऑक्साइडही मिळतो. हवेत तो सुमारे ०.०४ टक्केच असतो, त्यामुळे हवा बंद पडली की शैवाल पाण्यातील कार्बन संपवते, पीएच ९च्या पुढे चढतो आणि वाढ खुंटते. एअरपंप आणि बाटली यांच्यामध्ये ०.२ किंवा ०.४५ मायक्रॉनची हवेची गाळणी बसवावी. मी पहिली दोन वर्षे ती बसवली नव्हती आणि त्याची किंमत मोजली.

उजेडासाठी ६५०० केल्विनची साधी पांढरी एलईडी पुरते. ती बाटलीपासून १५ सेंटीमीटरवर ठेवून मी १६ तास चालू आणि ८ तास बंद ठेवते. तापमान २० ते २५ अंश सेल्सियस उत्तम. ३०च्या वर गेले की काळजी घ्यावी. खिडकीतल्या उन्हाचा मोह टाळावा, कारण दोन लिटर पाणी उन्हात अर्ध्या तासात तापते आणि दिवसागणिक उजेड बदलत राहतो.

पाणी नेहमी आरओ-डीआयचे (गाळून क्षार काढलेले) आणि त्यात मीठ ताजे कालवलेले असावे. टाकीतले पाणी वापरू नये, ते दिसायला कितीही नितळ असले तरी. क्षारता मी २५ ते ३० पीपीटी (हजारात भाग) ठेवते. टाकीच्या ३५पेक्षा ती कमी आहे, पण नॅनोक्लोरॉप्सिसला त्याचा त्रास होत नाही. पाणी निर्जंतुक करायचे झाल्यास घरगुती ब्लीच, म्हणजे साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, लिटरला १ मिलीलिटर घालून रात्रभर ठेवावे आणि सकाळी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारावा. क्लोरीनच्या चाचणीत शून्य दिसेपर्यंत बीज, म्हणजे आधीचे जिवंत कल्चर, घालू नये.

खतासाठी शास्त्रज्ञ गिलार्ड यांचे एफ/२ हे सूत्र जगभर वापरले जाते. त्याचा पाया गिलार्ड आणि रायदर यांच्या १९६२ सालच्या कामात आहे. लिटरला ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम सोडियम फॉस्फेट, ईडीटीए या रसायनाने बांधलेले लोह, अत्यल्प प्रमाणात तांबे, जस्त, कोबाल्ट, मँगनीज, मॉलिब्डेनम आणि थायामिन, बायोटिन व बी-१२ ही तीन जीवनसत्त्वे. मूळ सूत्रात सिलिकेटही आहे, पण ते डायटम या सिलिकाचे कवच असलेल्या शैवालांसाठी; नॅनोक्लोरॉप्सिसला त्याची गरज नाही. तयार खत दोन बाटल्यांत येत असेल तर ते दोन द्राव घट्ट स्वरूपात एकमेकांत कधीही मिसळू नयेत, कारण साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. एकेक घालावा, मध्ये ढवळावे. बागेतल्या झाडांचे खत वापरण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. त्यात नत्र बहुतेकदा अमोनियम किंवा युरियाच्या रूपात असते, आणि कल्चरचा पीएच चढला की अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होते. हे पाणी शेवटी आपल्या टाकीतच जाणार आहे, हे लक्षात घेऊन मी त्या वाटेला गेले नाही.

एक भाग बीज आणि तीन भाग नवे पाणी घेतले की आठ-दहा दिवसांत फिकट पोपटी पाणी गर्द हिरवे होते. बाटलीमागे बोट धरून ते दिसेनासे झाले की अर्धे काढून घ्यावे आणि तितकेच नवे खतयुक्त पाणी भरावे. तीन-चार वेळा अशी काढणी झाली की बाटली बदलावी. काठावर आणि तळाला जो थर बसतो त्यातच नको असलेले जीव घर करतात.

आता तिसऱ्या वेळी काय घडले ते सविस्तर सांगते. बाटली आठव्या दिवशी गर्द हिरवी होती. नवव्या दिवशी सकाळी रंग किंचित उतरलेला वाटला आणि मी तो दिव्याचा परिणाम समजले. दहाव्या दिवशी वरचे चार बोटे पाणी चहूबाजूंनी निवळले होते आणि तळाशी तपकिरी-हिरवा गाळ बसला होता. बाटलीमागे विजेरी धरली तेव्हा त्या निवळलेल्या पाण्यात पांढरे ठिपके दिसले, आणि ते बुडबुड्यांच्या उलट दिशेने जात होते. एक थेंब काचेवर घेऊन ४० पट भिंगाखाली पाहिला. पेल्यासारखा देह, मागे शेपटी आणि तोंडाभोवती केसांची दोन चक्रे गरगर फिरताहेत. हिरव्या पेशी त्या भोवऱ्यात ओढल्या जाऊन पारदर्शक पोटात साचत होत्या. तो रोटिफर होता. त्याच टेबलावर, हातभर अंतरावर, मी रोटिफरांची बाटली ठेवली होती आणि दोन्हींना एकाच पंपाची हवा होती. बुडबुडा फुटताना उडणारे बारीक तुषार हवेतून जातात, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून शैवाल आणि ते खाणारे जीव मी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवते. सकाळी आधी शैवालाची कामे आणि नंतर रोटिफर व कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) यांची, हा क्रम कधीही उलट करत नाही. नळ्या, नरसाळी, मोजपात्रे यांचे दोन स्वतंत्र संच आहेत आणि त्यांवर रंगीत चिकटपट्टी आहे. वापरून झालेली प्रत्येक वस्तू ब्लीचच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात आणि मग पूर्ण कोरडी. कोरडे होणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक टप्पा आहे.

आपले अनुभव, शंका आणि मतभेद अवश्य मांडावेत.

प्रतिसाद १ : खतातले नायट्रेट टाकीत जाणार नाही का?

ताई, लेख अतिशय उपयुक्त आहे. माझी टाकी २०० लिटरची आहे आणि नायट्रेट-फॉस्फेट खाली आणायला मला वर्ष लागले. आता रोज खत घातलेले पाणी टाकीत ओतायचे म्हटले की हात आखडतो. काढणीपूर्वी खत पूर्ण संपले आहे याची खात्री कशी करावी?

धागाकर्तीचे उत्तर

शंका रास्त आहे, म्हणून आकडेच मांडते. एफ/२मधील ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेटमधून लिटरला सुमारे ५५ मिलिग्रॅम नायट्रेट मिळते आणि फॉस्फेट सुमारे ३.४ मिलिग्रॅम. समजा शैवालाने त्यातले काहीच खाल्ले नाही आणि आपण २०० लिटरच्या टाकीत रोज २० मिलिलिटर घातले, तर नायट्रेट दिवसाला ०.००५५ पीपीएमने आणि महिन्याला जेमतेम ०.१६ पीपीएमने वाढेल. फॉस्फेट महिन्याला ०.०१ पीपीएम. चिमूटभर जास्त पडलेल्या माशांच्या खाण्याहून हे फारसे वेगळे नाही.

दहा दिवसांच्या गर्द कल्चरमध्ये यातला बराच भाग पेशींनी उचललेला असतो. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पेशींनी उचललेले नत्रही पेशींच्या रूपाने टाकीत येतेच. त्या कोणी खाल्ल्या तर काही भाग त्या जिवाच्या शरीरात जातो आणि उरलेला उत्सर्जनातून परत पाण्यात उतरतो; कोणीच खाल्ल्या नाहीत तर त्या मरून कुजतात. म्हणून फायटोप्लँक्टन घातल्याने पोषकद्रव्ये 'कमी होतात' हा दावा मी करणार नाही. आपल्या टाकीत १०० लिटरला रोज ५ मिलिलिटरपासून सुरुवात करावी, दोन आठवडे त्यावरच थांबावे, आठवड्यातून एकदा चाचणी घ्यावी आणि मगच वाढवावे.

खत संपल्याची खात्री करण्याच्या नादात काढणी लांबवू नये. नत्र संपले की हरितद्रव्य घटू लागते, रंग पिवळसर होतो आणि पेशी साधी चरबी साठवू लागते. अशा पेशीचा आहार म्हणून कस उतरतो. वाढ जोमात असतानाच काढावे.

प्रतिसाद २ : प्रवाळ फायटोप्लँक्टन खातात का, हा मूळ प्रश्न

पद्धतीबद्दल दुमत नाही, पण हेतूबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे असे वाटते. माझ्या टाकीत बहुतांश ॲक्रोपोरा आणि माँटिपोरा आहेत. अशा कठीण प्रवाळांची ऊर्जेची बहुतेक गरज त्यांच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्मशैवाले भागवतात आणि त्यांचे पॉलिप पकडतात ते प्रामुख्याने प्राणिप्लवक. दोन-तीन मायक्रॉनच्या हिरव्या पेशीचा त्यांना थेट लाभ होतो, असे खात्रीने म्हणण्याजोगे मला कुठे आढळले नाही. 'हे घातले आणि प्रवाळ फुलले' अशी छायाचित्रे सर्वत्र दिसतात, पण त्याच काळात दिवे, प्रवाह, पाणीबदल यांपैकी काय काय बदलले होते हे कोणी सांगत नाही. नवशिक्याने केवळ ॲक्रोपोरासाठी हा व्याप मांडू नये, असे माझे मत आहे.

धागाकर्तीचे उत्तर

आपल्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे आणि हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता.

शैवाल थेट खाणारे जीव वेगळे आहेत : ट्रायडॅक्ना शिंपले (त्यांनाही झूझँथेली असतात, पण ते पाणी गाळूनही खातात), पिसाऱ्यासारखे नळीकृमी, स्पंज, ट्युनिकेट आणि अर्थातच कोपेपॉड. मऊ प्रवाळांतही सगळे सारखे नाहीत. तांबड्या समुद्रातील डेंड्रोनेफ्थिया या झूझँथेली नसलेल्या मऊ प्रवाळाचा आहार मुख्यतः फायटोप्लँक्टनचा असतो, हे कॅथरिना फॅब्रिशियस आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली 'सायन्स'मध्ये दाखवून दिले. पण म्हणून तो घरी जगतो असे नाही. त्याला सतत वाहते पाणी आणि सतत येणारे खाद्य लागते आणि ते पुरवणे भल्याभल्यांना जमलेले नाही.

माझ्या टाकीतला उपयोग साखळीचा आहे. शैवालावर कोपेपॉड वाढतात, त्यांची पिल्ले रात्री प्रवाहात येतात आणि ती प्रवाळांच्या व माशांच्या तोंडी लागतात. मी हे सुरू केल्यावर तीन-चार महिन्यांनी रात्री काचेवर विजेरी मारली की दिसणाऱ्या कोपेपॉडांची संख्या डोळ्यांना जाणवण्याइतकी वाढली. प्रवाळांच्या रंगाबद्दल मात्र मी कोणताही दावा करत नाही. कोपेपॉडांवर जगणारी माझी मँडरिन मासोळी तग धरून आहे, त्यातच मला समाधान आहे.

प्रतिसाद ३ : कोपेपॉडांसाठी एकच शैवाल पुरेसे नाही

वरच्या चर्चेला जोड देतो. मी कोपेपॉड वेगळे वाढवतो. टिस्बे हा तळाशी सरपटणारा कोपेपॉड काहीही खाऊन जगतो, पण केवळ नॅनोक्लोरॉप्सिसवर ठेवलेल्या माझ्या टिग्रिओपस या दुसऱ्या कोपेपॉडाच्या अंडधारी माद्या हळूहळू कमी होत गेल्या. जाड पेशीभित्तिका आणि डीएचएचा अभाव ही दोन्ही कारणे असावीत. त्यात आयसोक्रायसिस हे दुसरे शैवाल मिसळू लागल्यावर महिन्याभरात फरक पडला.

त्याचा आपण ज्याला टी-आयसो म्हणतो तो वाण १९७७ साली फ्रेंच पॉलिनेशियातून वेगळा केला गेला आणि २०१३ साली त्याला टिसोक्रायसिस लुटिया असे नवे नाव मिळाले. सोनेरी-तपकिरी रंग, ४ ते ७ मायक्रॉन आकार, दोन कशाभिका (पोहण्याचे चाबकासारखे तंतू) आणि पेशीभित्तिका नाही, त्यामुळे पचायला हलका. डीएचए भरपूर, ईपीए कमी. म्हणजे नॅनोक्लोरॉप्सिसच्या अगदी उलट. तिसरे टेट्रासेल्मिस : चार कशाभिका, १० मायक्रॉनच्या आसपास, आणि हवा थांबवली की उजेडाच्या बाजूला स्वतः पोहत जाऊन हिरवी पट्टी धरते. ती पट्टी मी कल्चर जिवंत असल्याची खूण म्हणून पाहतो.

एक सूचना मात्र ठामपणे करतो. तीन शैवाले तीन बाटल्यांत वाढवावीत आणि काढणीनंतरच एकत्र करावीत. एका बाटलीत ती नांदत नाहीत. माझ्याकडे दोन आठवड्यांत नॅनोक्लोरॉप्सिसने आयसोक्रायसिसला पार झाकोळून टाकले.

धागाकर्तीचे उत्तर

हे फार मोलाचे आहे. याला एवढेच जोडते की आयसोक्रायसिस नाजूक आहे, ब्लीचचा मागमूसही त्याला चालत नाही आणि हवेचा जोरही कमी लागतो. सलग सहा महिने नॅनोक्लोरॉप्सिस न बसता टिकवता आले की मगच त्याकडे वळावे. नॅनोक्लोरॉप्सिसच्या एका थेंबानेही त्याची बाटली हिरवी होते, म्हणून त्याची कामे सगळ्यांत आधी करावीत.

प्रतिसाद ४ : साठवण आणि वास

नमस्कार. माझी पहिली काढणी फ्रीजमध्ये आहे. तळाला हिरवा थर बसला आहे आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी आहे. वास समुद्रकिनाऱ्यासारखा येतो. हे वाया गेले का? शिवाय टाकीत घालताना स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) बंद ठेवावा लागतो का?

धागाकर्तीचे उत्तर

वाया गेलेले नाही. नॅनोक्लोरॉप्सिसला पोहता येत नाही, त्यामुळे ते बसणारच. बाटली हलक्या हाताने उलटसुलट करा. थर सहज उठून पाणी एकसारखे हिरवे झाले तर ते चांगले आहे. थराचे तुकडे-तुकडे किंवा पापुद्रे निघत असतील, रंग तपकिरी किंवा राखाडी झाला असेल, किंवा कुजलेल्या अंड्याचा वास येत असेल, तर मात्र ते टाकीत घालू नका. 'थोडेसेच तर आहे' असा विचार इथे घात करतो, कारण तो वास येईपर्यंत त्यात जिवंत शैवालापेक्षा जिवाणू अधिक झालेले असतात.

फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवावे, गोठवू नये, बाटली तोंडापर्यंत भरू नये आणि रोज एकदा हलवावी. मी नॅनोक्लोरॉप्सिस चार आठवड्यांच्या आत संपवते. आयसोक्रायसिस असेल तर आठवडाभरात. स्किमर आणि अतिनील दिवा मी घालण्याआधी बंद करते आणि दोन तासांनी पुन्हा सुरू करते. दिवे मालवल्यावर घालते, कारण त्याच वेळी कोपेपॉड आणि गाळून खाणारे बरेच जीव बाहेर पडतात. स्किमर पुन्हा सुरू करायला विसरायचे नाही, रात्री टाकीला त्या हवेची गरज असते. मी त्यासाठी टायमर लावला आहे.

प्रतिसाद ५ : राखीव बीज

सगळे नीट पाळूनही कल्चर कधीतरी बसणारच, हे गृहीत धरले तर राखीव बीज कसे ठेवावे? प्रत्येक वेळी नवे मागवणे दरवेळी जमतेच असे नाही.

धागाकर्तीचे उत्तर

मी दोन प्रकारे ठेवते. पहिला म्हणजे १०० मिलिलिटरच्या दोन काचेच्या बाटल्या, हवेची नळी न लावता, झाकण सैल ठेवून, मुख्य मांडणीपासून दूर आणि मंद उजेडात. त्या रोज हाताने हलवते आणि तीन आठवड्यांनी प्रत्येकीतले १० मिलिलिटर उकळून थंड केलेल्या खाऱ्या पाण्यात नव्याने लावते. उकळताना खत घालत नाही, कारण उष्णतेने जीवनसत्त्वांचा नाश होतो. खत पाणी थंड झाल्यावर घालते. दोन्ही बाटल्या एकाच दिवशी कधीही उघडत नाही. एकीत काही शिरले तर ते लक्षात यायला आठवडा मिळावा, म्हणून.

दुसरा प्रकार अगारचा, म्हणजे जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थाचा. एफ/२ खत घातलेल्या खाऱ्या पाण्यात दीड टक्का अगार विरघळवून बंद बशीत ओतायचे, घट्ट झाल्यावर त्यावर कल्चरचा एक थेंब पसरायचा आणि दोन आठवडे मंद उजेडात ठेवायचे. हिरवे बारीक ठिपके उगवतात. रोटिफर अगारवर जगत नाहीत, आणि बुरशी किंवा परके जिवाणू आले तर त्यांचा रंग आणि पोत वेगळा असल्यामुळे लगेच दिसतात. मग स्वच्छ जागचा एक हिरवा ठिपका जाळून घेतलेल्या तारेने उचलून पाच मिलिलिटर पाण्यात सोडायचा, पाचाचे पन्नास आणि पन्नासाचे पाचशे करायचे. यात महिना-सव्वा महिना जातो. माझे आताचे कल्चर अशाच एका ठिपक्यापासून आले आहे आणि त्या बशीवरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची आहे.